ताकदीच्या गोळ्या

माझ्या बहिणीला पाळी कधीच आली नाही, तरी दर महिन्याला ती चार दिवस बाहेर बसायची.

हे वाक्य कागदावर उतरवायला मला इतकी वर्षं लागली आणि उतरवल्यावरही माझा संताप कमी झालेला नाही. तो कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच. त्यात मी स्वतःही आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मुलुंडला, पूर्वेला, एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी पुन्हा चालू झाली ती त्यांना न घेता, मग ते मुलुंडमधल्याच एका लहान कारखान्याच्या भांडारात लागले. मी नुकताच एका मराठी शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो होतो. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बारावी करून ती जवळच्या बालवाडीत शिकवायला जायची. उंच, सडपातळ, बोलायला तिखट. चाळीतल्या बायका तिच्या नितळ कातडीचं कौतुक करायच्या आणि काय लावतेस म्हणून विचारायच्या. "काही नाही लावत, भांडते फक्त," असं ती सांगायची.

आमच्या चाळीत कोकणातल्या घरांमध्ये बाहेर बसायची पद्धत तोवर टिकून होती. गॅलरीच्या टोकाला चटई टाकायची, ताट-पेला वेगळा, चुलीला आणि देवाला हात लावायचा नाही, पाणी कुणीतरी वरून ओतायचं. लहान मुलांना कावळा शिवला म्हणून सांगायचे. आम्ही पुरुष तिथून जाताना समोर बघत जायचो, जणू तिथे कुणी नाहीच. पण कुठल्या घरातली कोण कधी बसली, कोण उशिरा बसली, कोण या महिन्यात बसलीच नाही, याचा हिशोब चाळीतल्या प्रत्येक बाईच्या डोक्यात पक्का असायचा.

बहिणीचं सोळावं सरत आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी नळावर आईला सरळ विचारलं, "वहिनी, तुमची पोरगी ताडासारखी वाढली, पण कधी बसलेली दिसली नाही ती?"

"बसते की," आई म्हणाली. "आतल्या खोलीत बसते."

"आत? आत तर देव आहेत ना हो तुमचे?"

पुढच्या आठवड्यात आईने गॅलरीत चटई टाकली आणि बहिणीला तिच्यावर बसवलं. तिला काय सांगितलं मला माहीत नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरात जे घडत होतं त्याचा अर्थ मला कळत होता आणि तो मला कळत नाही असं मी स्वतःला पटवून दिलं होतं. त्यानंतर दर महिन्याला आईच ठरवायची, कधी बसायचं आणि कधी उठायचं.

बहिणीने त्याचंही नाटक मजेत वठवलं. काकू जाता जाता विचारायच्या, "काय गं, सुट्टी लागली?"

"लागली ना काकू, भरपगारी. चहा पण हातात येतो."

"मजा आहे बाबा तुझी."

"या ना, बसा तुम्ही पण. जागा आहे."

काकू खो खो हसायच्या. आई आतून दटावायची, "गप बस गो, दात काढू नको." मी मात्र दाराशी चपला घालताना सगळं ऐकायचो आणि शाळेत जायचो.

शाळेत मी काय शिकवायचो ते सांगायला हवं. दहावीच्या पुस्तकात एक धडा होता. फळ्यावर चौकोन काढायचा, त्याचे चार भाग करायचे. आईकडून एक्स, एक्स. वडिलांकडून एक्स, वाय. दोन खणांत मुली, दोन खणांत मुलगे. हा धडा मी अगदी पोटतिडकीने शिकवायचो, कारण आमच्याच चाळीत तिसरी मुलगी झाली म्हणून बायकोशी अबोला धरणारा माणूस राहत होता. मी वर्गात आवाज चढवून सांगायचो की मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, तेव्हा घरी जाऊन सांगा, आईला बोल लावू नका. मुली खाली मान घालून हसायच्या. मला स्वतःचा अभिमान वाटायचा. जिन्याची पहिली पायरी दाखवून आपण मुलांना गच्चीवर नेलं अशा समजुतीत मी होतो. पुस्तकही त्याच समजुतीत होतं. खणात एकदा वाय पडला की विषय संपला, असं ते सांगत होतं, आणि मी ते मुलांकडून घोकून घेत होतो.

मग तो गणपती आला.

गावच्या घराची वाटणी झाल्यापासून आमचा दीड दिवसाचा गणपती आम्ही चाळीतच बसवत होतो. बहीण मोदक सुरेख करायची. तिच्या मोदकाच्या कळ्या इतक्या बारीक आणि सारख्या पडायच्या की खालच्या मजल्यावरून बायका बघायला यायच्या. चतुर्थीच्या दोन दिवस आधी काकू आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरीची तारीख नेमकी गणपतीत पडतेय की हो. मागच्या वेळी नागपंचमीला बसली होती ना ती? मी पुरणाचं दिंड द्यायला आले तर बाहेर होती."

 त्या क्षणात आई काहीही म्हणू शकली असती. या वेळी लवकर आली म्हणू शकली असती. दिवस पुढे गेलेत म्हणू शकली असती. तिने स्वतःच रचलेली तारीख होती, ती तिला हवी तशी सरकवता आली असती. पण काकूंची नजर तिच्यावर होती, आणि इतकी वर्षं आई त्या नजरेलाच भीत आली होती.

"हो ना," ती म्हणाली. "काय करणार? देवाची इच्छा."

चतुर्थीच्या सकाळी माझी बहीण, जिच्या अंगाला कसलाही विटाळ कधी झाला नव्हता, आमच्या घरच्या गणपतीला हात लावू न देता गॅलरीच्या टोकाला बसवली गेली. आत आई आणि काकू मोदक वळत होत्या. बाहेरून ही ओरडत होती, "आई, उकड अजून मळ गं! फाटणार बघ!"

"तू गप रव!"

"काकू, तेल लावा हाताला, तेल!"

मोदक फुटले. सारण पाण्यात उतरलं. काकू पदराने घाम पुसत दाराशी आल्या आणि तिला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आधी डॉक्टरकडून गोळी आण गं बाई. तारीख पुढे ढकलतात त्याने. आमची सून घेते."

 नेहमी टोला हाणणारी बहीण, तिने या वेळी फक्त माझ्याकडे बघितलं. आरती सुरू झाली. झांजा वाजत होत्या, दारात चाळीतली मुलं दाटली होती, आणि त्यांच्या मागून, जिथून मूर्ती दिसत नव्हती तिथून, ती टाळ्या वाजवत म्हणत होती. वडील आरतीचं ताट हातात धरून आईला एवढंच म्हणाले, "तिला आत घे." आई म्हणाली, "गप म्हणा आरती." आणि ते म्हणाले.

हे लिहायला बहिणीची परवानगी आहे. मी विचारलं तेव्हा तिने अट एकच घातली. "लिही, पण मला बिचारी करायचं नाही. आणि स्वतःला पण करायचं नाहीस." दुसरी अट मला जास्त जड जातेय.

विसर्जनानंतर मी आईला सांगितलं की हिला मी मोठ्या रुग्णालयात दाखवणार.

"मास्तर तू शाळेत," आई म्हणाली. "घरात गप रव. डॉक्टराकडे नेलंस की चार लोकांत बोभाटो होतलो."

"अगं, एकोणीस वर्षांची झाली ती. काहीतरी कारण असेल की नाही?"

"कारण कळान काय करतलंस? लगीन होवंदे, मगे बघू."

"लग्नानंतर काय बघणार?"

आईने तोंड फिरवलं. तिच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही.

मी बहिणीला सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. तपासणीला तिला आत नेलं, आणि बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नव्हता, तापलेला होता.

"दादा, मी काय प्रदर्शन आहे का रे?"

"काय झालं?"

"एवढी पोरं आणून उभी केली. तो डॉक्टर त्यांना दाखवत होता, हे बघा, ते बघा. माझ्याशी एक शब्द नाही. नाव पण विचारलं नाही त्याने."

"शिकतायत ती मुलं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "हो. तू पण मास्तर ना. तुला त्यांचंच पटणार."

रक्ताची तपासणी झाली. तिचा निकाल यायला काही आठवडे गेले. मग डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. बहीण बाहेर बाकावर बसली होती. दार लोटलेलं होतं, आणि दाराच्या फटीतून मला तिच्या चपलांची टोकं दिसत होती.

"शिक्षक आहात ना? सायन्स?" डॉक्टरांनी विचारलं. "मग तुम्हाला समजावणं सोपं. केस फार इंटरेस्टिंग आहे. क्रोमोसोम एक्सवाय आलेत."

"म्हणजे..."

"म्हणजे तेच. तुम्ही शिकवत असाल की. पोटात ओव्हरी नाहीत, गर्भाची पिशवी नाही. वृषणं आहेत, न उतरलेली. शास्त्राच्या दृष्टीने पेशंट पुरुष आहे."

मी म्हणालो, "पण सर, ती..."

"दिसायला मुलगी आहे, मुलगी म्हणून वाढलीय, तशीच राहू दे. ती वृषणं मात्र काढावी लागतील. पोटात राहिली तर पुढे कॅन्सरची भीती. आणि एक लक्षात ठेवा, मुलीला यातलं काही सांगायचं नाही. आईवडलांना पण नको, ते बोलून बसतील. गाठी होत्या, काढल्या, मूल होणार नाही. एवढं पुरे. अशा मुली खरं कळलं तर जिवाचं काहीतरी करून घेतात."

"बरं," मी म्हणालो.

"हे आईकडून येतं. तुमच्या आईच्या माहेरी अशी कुणी आहे का? पाळी न आलेली, मूल न झालेली?"

माझ्या डोळ्यासमोर गावची मावशी आली. आईची थोरली बहीण, उंच, गुळगुळीत कातडीची, लग्नानंतर वर्षभरात परत पाठवलेली. मे महिन्यात आम्ही जायचो तेव्हा ती आम्हाला फणस फोडून द्यायची आणि स्वतः मागच्या पडवीत एकटी जेवायची.

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही."

का म्हणालो? आईवर येईल म्हणून. ज्या आईला बोल लावू नका असं मी वर्गात ओरडून सांगत होतो, त्याच आईवर आता खणातला एक्स येऊन पडला होता आणि मला तो लपवायचा होता. पण याहून मोठी गोष्ट वेगळी होती. डॉक्टर जे बोलला ते मला पटलं होतं. मी फळ्यावर हजार वेळा लिहिलेलं तेच होतं ते. वाय म्हणजे मुलगा. त्याने माझ्याच धड्याचं वाक्य मला ऐकवलं आणि मी, ज्या बहिणीला कडेवर घेऊन फिरलो होतो, तिच्या बाबतीत मान डोलावली.

बाहेर येऊन मी तिला म्हणालो, "पोटात गाठी आहेत. काढाव्या लागतील."

"कसल्या गाठी?"

"साध्या. घाबरण्यासारखं काही नाही."

"मग तुझा चेहरा असा का?"

"तुझी काळजी वाटते म्हणून."

तिने विश्वास ठेवला. ऑपरेशनच्या कागदावर तिने गाठीसाठी सही केली. मी शेजारी उभा होतो आणि ती कशावर सही करतेय ते मला माहीत होतं.

त्यानंतरच्या वर्षांत मी या विषयावर मिळेल ते वाचलं. आज लिहितो ते तेव्हाच वाचून काढलं असतं तर, असं वाटतं आणि अंगाची लाही होते. कारण डॉक्टरचं वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेच खोटं होतं. गर्भ सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून असतो. वाय गुणसूत्रावरचा एक इशारा मिळाला की कोवळ्या ग्रंथी वृषणं होतात. त्या वर्षांत तो इशारा नेमका कुठे आहे हेही कुणाला सापडलं नव्हतं. मग ही वृषणं शरीराला दोन निरोप पाठवतात. पहिला, गर्भाशय बनवू नका. दुसरा, बाकीचं शरीर पुरुषाचं घडवा. माझ्या बहिणीच्या शरीराने पहिला निरोप ऐकला. दुसरा त्याच्यापर्यंत पोचला, पण तो वाचण्याची सोय तिच्या पेशींत नव्हती. जिथे तो निरोप वाचला जात नाही तिथे शरीर बाईचं घडतं, आणि ते अर्धवट घडत नाही. वयात येताना तर त्याच ग्रंथींचा जो रस वाया जात होता, तोच तिच्या शरीराने जरा बदलून घेतला आणि त्यातून बाईच्या शरीराला लागणारं संप्रेरक तयार केलं. म्हणजे डॉक्टर ज्या ग्रंथींवर बोट ठेवून तिला पुरुष म्हणत होता, त्याच ग्रंथींनी तिचं बाईपण पोसलं होतं. त्या ग्रंथी डॉक्टरांनी कापून काढल्या आणि त्या जागी काय द्यायचं, याबद्दल मला तीन तुटक वाक्यांत सांगितलं.

"रोज एक गोळी. कायमची. ताकदीची आहे म्हणून सांगा."

मीही तसंच सांगितलं. ही असली खोटी वाक्यं मला आता फार सोपी जायला लागली होती.

आठ-नऊ महिने तिने गोळ्या घेतल्या. चटईवर बसणंही चालूच होतं. ऑपरेशनची गोष्ट चाळीला ठाऊक होती, पण ती गाठीची. मधल्या काळात मरोळहून एक स्थळ आलं. मुलगा तिथल्या औद्योगिक वसाहतीत फिटर, शांत, आधी एक लग्न होऊन बायको वारलेली, एक लहान मुलगा. आईला हे देवानेच धाडलेलं वाटलं. मूल आहेच, म्हणजे आणखी कुणी मागणार नाही. बहिणीलाही तो माणूस आवडला होता. बघायला आला तेव्हा त्याचा मुलगा तिच्या मांडीवर येऊन बसला आणि उठेना. "बालवाडीत नाव घालायला आलाय वाटतं," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

पुढच्या वेळी त्यांच्याकडच्या बायका घर बघायला येणार होत्या. आईने कपाटावरची गोळ्यांची पाकिटं उचलली. "रोजच्या गोळ्या बघितल्यानी तर म्हणतले, चेडू आजारी आसा. आता ताकद इली मा तुका? मगे कशाक व्हये?"

बहीण म्हणाली, "मला पण कंटाळाच आलाय. ताकद भरपूर आहे आता, कोणाला पण उचलेन."

मी त्या वेळी तिथेच होतो. वह्या तपासत होतो. मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली. गोळ्या थांबल्या तर काय होईल ते मी वाचलं नव्हतं, पण त्या ताकदीच्या नाहीत एवढं मला ठाऊक होतं. तेवढं सांगण्यासाठी बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं.

काही महिन्यांतच ती बदलली. डिसेंबरात, चाळीतली माणसं स्वेटर घालून फिरत असताना, ती पंख्याखाली बसून पदराने वारा घ्यायची. चेहरा एकदम लाल व्हायचा, कपाळावर घाम फुटायचा. सांधे दुखायचे. बालवाडीतल्या मुलांवर ओरडायला लागली, आणि ओरडून झाल्यावर रडायची. तिची ती नितळ कातडी कोरडी पडली. चटईवर बसलेली असताना काकूंनी विचारलं, "काय गं, सुट्टी?" तर ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" काकू वरमून निघून गेल्या.

आईचं तेव्हा पाळी जायचं वय झालं होतं. तिलाही तेच होत होतं, तोच घाम, त्याच गरम लाटा. एका रविवारी दुपारी आई सुकट निवडत बसली होती, बहीण भिंतीला टेकून, आणि दोघींच्या कपाळावर एकाच वेळी घाम आला. आईने हातातली सुकट सुपात टाकली. ती माझ्याकडे वळली. मी आईला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

"माझा जाता हा, ता माका समाजला," ती म्हणाली. "तिचा कधी इलाच नाय. मगे गेला कसा?"

बहीण उठून बसली. "म्हणजे काय?"

"ह्याका विचार," आई म्हणाली. "ह्याका ठावक आसा. गेल्या वर्साच्या गणपतीपासून बघतंय मी ह्याचा तोंड."

मग मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मास्तर असून मला एक वाक्य धड जमेना. गुणसूत्रांपासून सुरुवात केली, मग ग्रंथींवर आलो, मग मागे गेलो.  संपल्यावर बहिणीने पहिला प्रश्न विचारला तो असा.

"डॉक्टर मला काय म्हणाला?"

"ते महत्त्वाचं नाही."

"दादा. काय म्हणाला?"

"शास्त्राच्या दृष्टीने पुरुष म्हणाला."

ती हसली. एकदम, मोठ्याने, जशी काकूंशी हसायची तशी. "मी? आणि मग तू काय म्हणालास?"

मी खाली सुपातल्या सुकटीकडे बघितलं.

"सांग ना. काय म्हणालास त्याला?"

"बरं म्हणालो."

तिचं हसू गेलं. माझ्या बहिणीला तिच्या पेशींत काय आहे याने तेवढा धक्का बसला नव्हता. माझ्या त्या एका शब्दाने बसला. ती म्हणाली, "माझ्या पोटातलं काढलं ते तुला माहीत. त्याच्याबदली गोळी होती ते तुला माहीत. आईने ती बंद केली, तू तिथे बसून वह्या तपासत होतास. मी घामाने मरतेय, मला वाटतंय मला वेड लागतंय, आणि तुला माहीत होतं?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"मला त्रास होऊ नये म्हणून? अरे, मी आणखी काय करायचं राहिलं होतं? बसले ना बाहेर? देवाला हात न लावता बसले ना? खोटं खोटं बसले! मला वाटायचं, माझ्यात काहीतरी घाण आहे आणि तुम्ही सगळे चांगले आहात म्हणून झाकताय."

आई रडायला लागली. रडता रडता तिने मावशीचं सांगितलं. माहेरी परत आल्यावर मावशीला गोठ्याशेजारी झोपायला लावायचे. भावजय म्हणायची, हिका विटाळ नाय आणि हिचो उपयोगही नाय. "माका वाटला, तू बसताना लोकांका दिसलंस काय कोण काय विचारूचा नाय," आई म्हणाली. "तुका कोणी परत धाडू नये म्हणान बसवलंय गो मी."

बहीण आईजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

त्या दुपारनंतर मला कितीतरी दिवस झोपेतही राग यायचा. त्या डॉक्टरचा, ज्याने एका जिवंत मुलीला एका अक्षरात बसवलं आणि तिच्याच पोटातलं तिच्यापासून लपवायला सांगितलं. त्या रीतीचा, जिच्यात आपण बाई आहोत हे सिद्ध करायला आधी अपवित्र असावं लागतं. मावशीला परत धाडणाऱ्या माणसांचा, आणि माझ्या त्या चार खणांचाही. खरं कळलं तर मुली जिवाचं काहीतरी करून घेतात, असं तो म्हणाला होता. माझ्या बहिणीचा जीव खरं न कळल्यामुळे पोखरला जात होता, आणि ते पोखरणं मी रोज एका घरात राहून बघत होतो.

मरोळच्या माणसाला तिने स्वतः भेटून सगळं सांगितलं. तो काय म्हणाला हे तिने घरात कुणाला नीटसं सांगितलं नाही. लग्न झालं नाही. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याने नाही म्हटलेलं नाही. मला वेळ हवाय." चटई तिने पुन्हा टाकू दिली नाही.

मग ती म्हणाली, "मला त्या डॉक्टरकडे जायचंय."

मी म्हणालो, "मी येतो."

"ये. रस्ता तुला माहीत आहे."

आम्ही गेलो. रांगेत बसलो. मी वाटभर मनात वाक्यं जुळवली होती, त्या माणसाला तोंडावर काय काय सुनवायचं ती. त्या दुपारनंतर वाचनालयात बसून वाचलेलं सगळं पाठ केलं होतं, निरोपाचं, न वाचल्या गेलेल्या रसाचं, सगळं. आतून तिचं नाव पुकारलं गेलं तसा मीही उठलो.

"तू थांब," ती म्हणाली.

"अगं, तो काहीबाही बोलेल. मला त्याला विचारायचंय..."

"तुला काय विचारायचंय? तुझं सगळं आधी विचारून झालंय ना? मला सोडून." ती पदर खोचून उभी राहिली. "आता मी विचारते."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पूर्ण लावलं. आतून आवाज येत होते पण शब्द कळत नव्हते. एकदा तिचा आवाज चढला. मग डॉक्टरचा. मग बराच वेळ फक्त तिचाच, सावकाश, बालवाडीतल्या मुलांना समजावताना असायचा तसा. मी बाकावर बसून राहिलो. जुळवलेली वाक्यं तशीच होती, आणि ती कुणाच्या कामाची नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती आणि डोळे लाल होते. ती सरळ औषधाच्या खिडकीकडे चालायला लागली. मी मागे मागे गेलो.

"काय म्हणाला?"

"तुला जे सांगितलं होतं, ते आता त्याने मला सांगितलं. माझ्याकडे बघून सांगितलं. बघायला लावलं मी."

"आणि?"

"आणि बाकीचं माझं मी विचारून घेतलं."

"बाकीचं म्हणजे काय?"

ती थांबली. रांगेतल्या बायका बघत होत्या. ती रागावली नव्हती, निदान त्या क्षणी तरी.

"ते तुझ्यासाठी नाही, दादा," ती म्हणाली, आणि खिडकीत हात घालून तिने गोळ्या घेतल्या.

तिने तेव्हा आत काय विचारलं, ते मला आजही माहीत नाही.